रक्त नॉर्मल, गाठ मात्र रक्ताच्या कॅन्सरची

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जागतिक कर्करोग दिनाच्या आपल्या पुरवणीत ‘रक्ताचा कॅन्सर रक्त तपासलं की कळतो’ असं वाक्य होतं. बहुतेकांच्या बाबतीत खरं असेलही. आमच्या घरी ते खोटं ठरलं, म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत त्याच्या पाठीवर लिंबाएवढी गाठ आली. फवारणी पंपाचा पट्टा घासतो, नेमकी तिथेच. पट्ट्यानंच आली म्हणून महिनाभर हळद लावली (शहाणपणा माझाच). मग नाशकात गाठ काढली. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल, गाठीचा रिपोर्ट लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. केमोची तारीखही मिळाली.

गल्लीतल्या एका नर्सताईंनी हट्ट धरला, ‘आधी ब्लॉक टाटाला दाखवा.’ ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. तो पेशंटला मागता येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. लॅबनं आठ दिवस फिरवलं. शेवटी तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवून पंचवटी एक्स्प्रेसनं दादर गाठलं.

परळला टाटात आणखी मार्कर (पेशी कोणत्या जातीची ते ओळखणाऱ्या चाचण्या) लावले. त्यातला एमपीओ, म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा, पॉझिटिव्ह. निदान, मायलॉइड सार्कोमा: एएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्याच पेशी, पण बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) बाहेर गाठ धरून बसलेल्या. १८५३ मध्ये याला क्लोरोमा नाव पडलं, कारण कापल्यावर गाठ हिरवट दिसे. तो हिरवा रंग ज्या एन्झाइमचा, तेच हे एमपीओ.

बोन मॅरो स्वच्छ निघाला. गाठ तर काढलीय, मग केमो कशाला, म्हणून मी डॉक्टरांशी वाद घातला. ते म्हणाले, नुसती गाठ काढून थांबलं तर बहुतेकांना काही महिन्यांतच ल्युकेमिया होतो, म्हणजे कॅन्सर मॅरोत आणि रक्तात पसरतो. म्हणून औषध एएमएलचंच; सात दिवस सायटॅराबिन, त्यातले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. लिम्फोमाची औषधं वेगळी. आता बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी माझं एचएलए (दात्याशी जुळवायच्या पेशींवरच्या खुणा) जुळलं आहे.

जिल्ह्यातल्या पॅथॉलॉजिस्ट मंडळींना हात जोडून विनंती: अशा गाठीवर लिम्फोमाच्या मार्करांसोबत एमपीओही लावून पाहा. आणि ब्लॉक मागितला की फिरवू नका. आमचा ब्लॉक आणखी आठवडाभर अडकला असता, तर भावाला चुकीच्या औषधाची सलाइन लागलेली असती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक