फोन खराब की गाडी? आधी कुणीतरी बघा तरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली शोरूमला गेलं की सेल्समन बॉनेट उघडायच्या आधी स्क्रीन दाखवतो. अँड्रॉइड ऑटो आहे, आयफोनसाठी कारप्ले आहे, म्हणजे फोनमधला मॅप, गाणी गाडीच्या स्क्रीनवर, तेही वायरलेस, साहेब फोन खिशातच राहू द्या मॅप आपोआप समोर. पण हीच स्क्रीन चालत्या गाडीत दर थोड्या वेळाने फोन सोडायला लागली की तिला कुणी वाली नसतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात फोनचा प्रॉब्लेम, मोबाईलवाला म्हणतो फोन एकदम ओके आहे, गाडी दाखवा. आमचंही तेच झालं. जॉब कार्डवर "ग्राहकाच्या मोबाईलमध्ये दोष" एवढं लिहून गाडी परत दिली आणि नाशिकरोड ओलांडायच्या आत मॅप गायब. गाडी धुतली मात्र छान होती.

शेवटी कारण सापडलं ते कॉलनीतल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या पोराला. त्याने फोन बंद केला, टॉर्च मारून खालच्या सी टाइप सॉकेटमध्ये बघितलं आणि लाकडी टूथपिकने हळूच कोरून आतून खिशातल्या कापसाचा दाबून घट्ट झालेला करडा गोळा काढला. त्याच्यामुळे गाडीला जोडायच्या केबलची पिन पूर्ण आत बसतच नव्हती, स्पीडब्रेकर आला की क्षणभर संपर्क तुटायचा. चार्जिंग लगेच पुन्हा सुरू होतं म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही, पण स्क्रीनवरचं कनेक्शन एकदा तुटलं की पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं. आता कुणी म्हणेल मग सर्व्हिस सेंटरचं बरोबरच होतं की, दोष फोनमध्येच निघाला. पण त्यांनी बघून लिहिलं नव्हतं ना! दुसरा फोन लावून बघितला नाही, दुसरी केबल लावली नाही, सरळ लिहून मोकळे.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचं हेच दुखणं ऐकलं आणि बहुतेक ठिकाणी कारण साधंच निघतं. सगळ्यात जास्त वेळा केबल. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये दोन तारा करंटच्या आणि दोन डेटाच्या असतात, स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात, फोन चार्ज होतो आणि स्क्रीन ढिम्म. लांबलचक केबलही नको, मीटरभराच्या आतली चांगली घ्या. आणि गाडीत दोन-तीन सॉकेट दिसत असले तरी बऱ्याचदा डेटाचं एकच असतं, बाकीची नुसती चार्जिंगला, हे डिलिव्हरीच्या वेळी पेढे देणारा माणूस सांगत नाही.

वायरलेसचं गणित वेगळं. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पुढे मॅप, गाणी सगळं वायफायवरून जातं, त्यामुळे ब्लूटूथ जोडलेलं दिसतंय म्हणजे सगळं ठीक असं नाही. फोनमधलं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करून बघा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारं अ‍ॅपच झोपवतात, सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइड ऑटोला त्यातून वगळावं लागतं. घरातल्या दोघांचे फोन पेअर असतील तर गाडी कधी दुसऱ्याचाच फोन पकडते. पेअरिंग काढायचं तर फोनमधूनही काढा आणि गाडीतूनही, एकाच बाजूने काढून उपयोग होत नाही. आणि मे महिन्यात वायरलेस चार्जिंग पॅडवर फोन ठेवून, वर मॅप, वर वायरलेस कनेक्शन चालवलं तर तो तापणारच, आयफोनवाले स्वतःच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात, आपल्याकडे बंद गाडीत किती होत असेल बघा.

जे तुटलेलं नसतं त्यालाही लोक तुटलं म्हणतात. कसारा घाटात रेंज गेली की मॅप पुढे लोड होत नाही, समृद्धीवर इगतपुरीजवळच्या जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यात जीपीएस मिळत नाही म्हणून बाण भरकटतो, पण फोन आणि गाडीचा संबंध दोन्हीकडे शाबूत असतो. घाटासाठी मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, काम भागतं. टोलनाक्यावर फास्टॅगमुळे फोन सुटतो असंही कुणीकुणी छातीठोक सांगतात. फास्टॅग चालतो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर आणि गाडीचं वायफाय बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर, त्याचा याच्याशी काय संबंध?

हे किरकोळ वाटेल, पण मॅप गेला की माणूस काय करतो, एका हाताने स्टिअरिंग धरून मांडीवरचा फोन चाळतो, तोही हायवेला. २०२० पासून नियमानेच चालकाला हातातलं उपकरण फक्त रस्ता बघायला वापरता येतं, तेही गाडी चालवण्यावरचं लक्ष न हटता, आणि स्क्रीन द्यायचा उद्देशही तोच होता ना.

तेव्हा गाडी कंपन्या आणि डीलर यांना आपल्या पेपरमार्फत एवढंच सांगणं आहे की डिलिव्हरी देताना डेटाचं सॉकेट कुठलं ते दाखवा, ग्राहकाचाच फोन जोडून द्या. सर्व्हिसला गाडी आली की ऑइल बदलल्याची नोंद करता तशी स्क्रीनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलंय का, टाकलं का, हेही लिहा, कारण कधीकधी दोष खरंच तिथे असतो आणि तो ग्राहकाला घरी बसून कळायचा नाही. वर्कशॉपमध्ये एक चांगली केबल आणि एक अँड्रॉइड, एक आयफोन एवढं तपासणीला ठेवायला काही लाखांचा खर्च नाही. आणि तक्रार "ग्राहकाच्या मोबाईलमध्ये दोष" असं लिहूनच बंद करायची असेल तर कुठला फोन, कुठली केबल लावून बघितली तेही त्याच ओळीत लिहा.

कळावे,
आपला एक वाचक,
नाशिक