सिंहाला नरभक्षक ठरवण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहाने माणसावर हल्ला केल्याची बातमी आली की आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांच्या मथळ्यात 'नरभक्षक' हा शब्द येतो. मी वडोदऱ्यात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे, आणि माझे आजोबा बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात धारीला नोकरीस होते. धारी, खांभा, कोडीनार हा गीरलगतचा भाग तेव्हा गायकवाडांच्या अमरेली प्रांतात मोडत असे, त्यामुळे त्या मुलखाशी आमच्या घराचे नाते जुने आहे. काठियावाडीत सिंहाला 'सावज' म्हणतात, म्हणजे आपल्या मराठी अर्थाच्या अगदी उलट. मात्र आपल्या शेतातून रात्री जाणाऱ्या सिंहाला तिथल्या शेतकऱ्याने नरभक्षक म्हटलेले मी कधी ऐकले नाही.

पिल्ले असलेली सिंहीण, जोडीने असलेले नर-मादी किंवा मारलेल्या जनावरावर बसलेला सिंह जवळ आलेल्या माणसावर धावून जातो, आणि त्याआधी बहुधा गुरगुरून, शेपटी आपटून इशाराही देतो. अशा हल्ल्यात माणूस जखमी होतो, क्वचित दगावतोही. पण तो हल्ला माणसाला दूर घालवण्यासाठी असतो, खाण्यासाठी नव्हे. दुचाकीवरून सिंहाचा पाठलाग करणारे किंवा कोंबडी दाखवून त्याला जवळ बोलावणारे हौशी लोक तर हा हल्ला स्वतःहून ओढवून घेतात. माणूस हे भक्ष्य समजून दबा धरणारा सिंह यांहून निराळा असतो आणि तो विरळा असतो.

असे सिंह का निपजतात, हे सांगताना केनियातील त्साव्होचे उदाहरण हटकून दिले जाते. 1898 साली युगांडा रेल्वेच्या पुलावर काम करणारे मजूर दोन आयाळविरहित नरांनी महिनोन्‌महिने तंबूंतून ओढून नेले. त्या मजुरांत आपल्या देशातून नेलेली माणसे मोठ्या संख्येने होती. दोन्ही सिंहांना मारणाऱ्या पॅटरसन यांनी पुढे बळींचा आकडा 135 सांगितला, तर शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेल्या या सिंहांच्या केसांच्या व हाडांच्या रासायनिक तपासणीवरून 2009 साली संशोधकांनी तो सुमारे 35 असल्याचा अंदाज बांधला. त्यांपैकी एकाचा सुळा मोडून मुळाशी गळू झालेले होते, म्हणून जखमी सिंह माणसाकडे वळतो असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्या सिंहाचे दात तितके बिघडलेले नव्हते. त्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडी या जनावरांच्या साथीने गुरे आणि रानम्हशी मोठ्या प्रमाणावर मेल्या होत्या, आणि त्याच वाटेने पूर्वी गुलामांचे तांडे जात असत, ज्यांतले मेलेले व मरणपंथाला लागलेले लोक तिथेच टाकून दिले जात. भक्ष्य नाहीसे झालेले आणि उघड्यावर माणसे हाताशी आलेली, अशा वेळी दुखरा सुळा हे कारणांपैकी केवळ एक ठरते.

टांझानियातील अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. तिथे 1990 नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत सिंहांनी 563 माणसे मारली. हल्ले सुगीच्या दिवसांत वाढत, कारण रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी शेतातच तकलादू खोपटांत झोपत, आणि डुकरांच्या मागावर सिंहही तिथेच येत. पौर्णिमेनंतर, कृष्ण पक्षाच्या आरंभी, दिवस मावळल्यापासून चंद्र उगवेपर्यंतच्या अंधारात धोका सर्वाधिक असल्याचेही तिथेच दिसून आले. पीक राखायला जागल करणाऱ्या कोणाही माणसाला हे कळण्यासारखे आहे.

आता गीरकडे येतो. 1978 ते 1991 या काळात तिथे 193 हल्ल्यांची नोंद झाली, आणि त्यांपैकी 82 टक्के हल्ले अभयारण्याबाहेरील खासगी जमिनीवर झाले होते. 1987-88 च्या दुष्काळापूर्वी वर्षाला सरासरी सात हल्ले होत, ते दुष्काळानंतर चाळीसवर गेले. पर्यटकांसाठी पूर्वी आमिष बांधून सिंह दाखवत, ती प्रथा बंद झाल्यामुळे हे घडले असे अनेकांना वाटे. पण हल्ले त्या जागांभोवती एकवटलेले आढळले नाहीत. कळपातून बाहेर पडलेले आणि स्वतःचा मुलूख नसलेले तरणे सिंह मात्र त्यांच्या संख्येच्या मानाने हल्ल्यांत जास्त सापडले. 2025 च्या गणनेनुसार गुजरातेत 891 सिंह आहेत आणि निम्म्याहून अधिक गीर अभयारण्याबाहेर राहतात. त्यामुळे तरण्या सिंहांच्या वाटेत शेत, विहीर आणि माणूस येणारच.

2016 साली धारी तालुक्यातील आंबरडी परिसरात सिंहाने तीन माणसे मारली, तेव्हा वन खात्याने डझनाहून अधिक सिंह पकडून त्यांची विष्ठा तपासली आणि दोषी ठरलेल्या नराला कायमचे बंदिस्त केले. ती कारवाई योग्यच होती. माणूस खाल्लेल्या सिंहाला मोकळे सोडा, असे मी कधीही म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या एका शेतावर गेलो होतो. मालकाच्या घराच्या ओटीला लोखंडी जाळी होती. तिथून शंभर पावलांवर दाहोदकडून आलेल्या मजुराची पऱ्हाट्या आणि ताडपत्रीची खोप होती, तिला दाराच्या जागी गोणपाट लावलेले होते आणि आत चुलीच्या उबेला तीन मुले जमिनीवर एकाच गोधडीत झोपत. खोपीमागच्या ओल्या वाफ्यात आदल्या रात्रीचा पंजाचा ठसा होता, माझ्या तळहाताहून रुंद, आणि त्यात पाणी साचले होते. मुलांची आई म्हणाली, ''रोज जातो, काही करत नाही.'' तिचे खरेही असेल, पण जमिनीवर आडवे झालेले लहान मूल अंधारात सिंहाला माणूस म्हणून ओळखू येते का, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेतकऱ्याला रात्री अंधारात शेतात जावे लागू नये, पाणी देण्यासाठी दिवसा वीज मिळावी म्हणून 2020 साली किसान सूर्योदय योजना सुरू झाली. तिचा लाभ गीरलगतच्या प्रत्येक गावाला मिळाला आहे का, हे आपल्या वार्ताहराने जाऊन पाहावे. मचाणे शेतमालकांसाठी बांधली जातात, तशी मजुरांच्या खोपींना उंच खाटा आणि बंद होणारी दारे मिळतात का, हेही विचारावे. आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत मथळ्यात 'सिंहाचा हल्ला' एवढेच छापावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दांडिया बाजार, वडोदरा