शुक्रावरचं यान आणि ओलं गोणपाट

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतली अंतराळयानाची क्रमशः कथा आमच्याकडे नातू मोठ्याने वाचतो आणि मी ऐकतो. परवाच्या भागात यान शुक्रावर तीन दिवस मुक्कामाला राहिलं. कप्तानाने ‘ऊर्जाकवच’ चालू केलं आणि मंडळी आत निवांत जेवायला बसली. मला तिथेच ठसका लागला.

मी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात 31 वर्षं भट्ट्यांच्या दुरुस्तीवर होतो. भट्टी पुरती निवायच्या आधीच कधीकधी आत शिरावं लागे. मानेवर-खांद्यावर ओलं गोणपाट टाकून जायचं. त्यातून वाफ निघतेय तोवर काम करायचं, ते कोरडं पडायला लागलं की बाहेरून हेड फिटर ओरडायचा, “चालो, बहार आवो!” गोणपाट काही उष्णता अडवत नाही, ते फक्त थोडा वेळ काढून देतं.

1982 साली शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत ‘व्हेनेरा 13’चंही तसंच. बाहेर साडेचारशे अंशांच्या वर तापमान, म्हणजे शिसं पाण्यासारखं वाहील, आणि दाब पृथ्वीच्या जवळपास नव्वदपट. टायटॅनियमचा गोळा, त्याला इन्सुलेशन, उतरायच्या आधीच आतून गार करून घेतलेला. शिवाय पोटात लिथियमचा एक क्षार, जो वितळता वितळता उष्णता पिऊन टाकतो. म्हणजे आमचं गोणपाटच की! 32 मिनिटं चालावं असा हिशेब होता, चाललं 127 मिनिटं. तीन दिवस नव्हे.

पुढे इंजिन बंद पडतं आणि क्षणात सगळे काकडतात, तेही पटलं नाही. पाळीला नेत असे तो थर्मास अजून घरात आहे. सकाळी सहाचा चहा दुपारी सुटीच्या वेळीही गरम, कारण दोन भिंतींमध्ये निर्वात. यानाच्या तर चारी बाजूंना निर्वात! आतली ऊब प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपानेच काय ती बाहेर जाणार, तीही सावकाश. म्हणून तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला भलेमोठे रेडिएटर लावून त्यांतून अमोनिया फिरवावा लागतो.

सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेलं नासाचं पार्कर यान 24 डिसेंबर 2024 रोजी सूर्यापासून 61 लाख किलोमीटरवर जाऊन आलं. कार्बनची साडेअकरा सेंटीमीटर जाडीची ढाल सूर्याकडे धरायची आणि उपकरणांनी तिच्या सावलीत बसायचं. पण तेही तिथे मुक्काम ठोकत नाही, वळसा घालून लांब निघून जातं.

लेखकमहाशयांनी यानाला हवा तो काल्पनिक धातू द्यावा, माझी काही हरकत नाही. फक्त आत आलेली उष्णता गेली कुठे, तेवढं एका वाक्यात सांगावं.

हे सगळं ऐकून नातवाने वहीतल्या यानाला दोन मोठे रेडिएटर काढले आणि काळ्या खडूने गच्च रंगवले. स्थानकावरचे पांढरे आहेत, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

— एक निवृत्त कामगार, दांडिया बाजार, बडोदे