लॅक्मे फक्त लिपस्टिक नाही

संपादक साहेब,

लॅक्मे म्हटलं की आपल्याला काजळ-लिपस्टिकच आठवते, पण मुळात ते १८८३ च्या फ्रेंच ऑपेराचं (म्हणजे गाण्यातून रंगणाऱ्या नाटकाचं) नाव, आणि त्यातली ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी जिने गाजवली ती गायिका लिली पॉन्स आपल्याकडे कुणाला फारशी माहीतच नाही याचं खरंच वाईट वाटतं. बाई आधी पियानो शिकलेल्या, गाण्याकडे वळल्या उशिरा, १९२८ मध्ये याच रोलमधून ऑपेराच्या स्टेजवर आल्या अन् १९३१ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये पहिल्याच रात्री स्टार झाल्या! महायुद्धात तर सैनिकांसाठी भारत-बर्मापर्यंत येऊन गायल्या. त्यांनी गायलेलं लॅक्मेमधलं गाणं, ‘बेल साँग’, यूट्यूबवर आहे, एकदा ऐकाच, ते वरचे सूर लागले की माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

– एक वाचक, सातारा