रक्त पातळ करणारी गोळी: लिहिणार कोण, तपासणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके वेडेवाकडे पडणे. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या पिशवीत रक्त साकळते, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. अशा रुग्णांना हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. रक्त पातळ करणारी गोळी नीट घेतली तर तो जवळपास दोन तृतीयांशाने घटतो.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात 2007 पासून जादा परवानगी मिळालेले फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतात. तिथे एएफच्या 80 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, फार्मासिस्टने औषध ठरवले त्या गटातले 92 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी योग्य औषधावर होते. नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत 56 टक्के. हे वाचून इथेही तोच अधिकार द्या म्हणणारे भेटतात. आमचे मत वेगळे आहे. परवान्यावर नाव एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, अशी दुकाने ज्या शहरात आहेत तिथे लिहिण्याचा अधिकार देण्याची घाई नको. डोस तपासण्याचे काम मात्र आजच्या कायद्यातही करता येते आणि नेमके तेच होत नाही.

अपिक्साबान या नव्या गोळीचे उदाहरण घ्या. नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तो निम्मा करायचा तर तीनपैकी किमान दोन गोष्टी हव्यात: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.5 किंवा जास्त. प्रत्यक्षात ‘वय झालंय, जरा कमीच देऊ’ म्हणून 72 वर्षांच्या, 70 किलोच्या माणसालाही अडीचची गोळी लिहिली जाते. रक्तस्रावाची भीती कागदावर कमी होते, गुठळीची तशीच राहते.

उलटी चूकही होते. 82 वर्षांच्या, 48 किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन 1.1. रिपोर्टवर तो आकडा बहुधा नॉर्मलच्या रकान्यात. पण हिशेब करा: 140 मधून वय वजा करून वजनाने गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, स्त्री असेल तर 0.85 ने गुणा. उत्तर येते जेमतेम 30. म्हणजे मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले. रिव्हारोक्साबान ही दुसरी नवी गोळी असेल तर 20 ऐवजी 15 मिलिग्रॅम, आणि क्रिएटिनिनची तपासणी वर्षाने नव्हे, तीन महिन्यांनी. या हिशेबाला मोबाइलवर अर्धे मिनिट लागते, पण वजन आणि क्रिएटिनिन चिठ्ठीवर नसेल तर काउंटरवरचा माणूस करणार काय?

रिव्हारोक्साबानची 20 ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची. उपाशीपोटी तिचा सुमारे दोन तृतीयांश भागच अंगी लागतो. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची बशी चालेल, नुसता चहा नाही. डॅबिगॅट्रान या तिसऱ्या नव्या औषधाची कॅप्सूल फोडून किंवा चावून घेतली तर औषध एकदम जास्त शोषले जाते. ती दमटपणाने खराब होते, म्हणून आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नये. अपिक्साबानची दहाची स्ट्रिप पाचच दिवस पुरते. रविवारी मेडिकल बंद, सोमवारी विसरले, की संरक्षण संपले. या गोळ्यांचा असर दिवसभरात ओसरतो. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेणे हा तर धोकाच.

जुनी असेनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन अजून पुष्कळांना चालू आहे आणि ती बदलायची घाई करू नये. कृत्रिम धातूची झडप असेल, किंवा संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप बरीच आकसली असेल, तर जुनीच गोळी योग्य. या गोळीवर आयएनआर नावाची रक्ततपासणी लागते (आकडा जितका जास्त, तितके रक्त पातळ). एएफमध्ये तो सहसा 2 ते 3 हवा. मेथी-पालक सोडायची गरज नाही, रोजचे प्रमाण एकदम बदलू नये इतकेच. घात होतो तो जुलाबासाठी चिठ्ठीविना घेतलेल्या मेट्रोनिडॅझोलने. आयएनआर चार-पाच दिवसांत कुठच्या कुठे जातो. गुडघेदुखीवरची डायक्लोफिनॅक तर जुन्या-नव्या दोन्ही गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवते. टीबीच्या रिफाम्पिसिनने उलट औषधाचा जोर कमी होतो. या विक्रीच्या वेळी ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ एवढा प्रश्न विचारला पाहिजे. आणि हो, ॲस्पिरिन हा स्वस्त पर्याय नव्हे: एएफमध्ये ती पक्षाघात फारसा रोखत नाही, रक्तस्राव मात्र करते.

आमची मागणी साधी आहे. एएफच्या प्रत्येक चिठ्ठीवर वजन, क्रिएटिनिन तारखेसह आणि झडपेची स्थिती डॉक्टरांनी लिहावी. फार्मासिस्टने प्रत्येक वेळी गोळ्या देताना डोस पडताळावा, शंका आली तर स्वतः न बदलता डॉक्टरांना फोन करावा आणि उत्तर चिठ्ठीवर नोंदवावे. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या शिबिरांत मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके अनियमित लागले तर ईसीजीला पाठवावे, कारण निदान ईसीजीनेच होते. रक्तदाबाच्या यंत्रावरची खूण निदानाला पुरत नाही. हे वर्षभर करून किती चिठ्ठ्यांत दुरुस्ती झाली याचा हिशेब महापालिकेने जाहीर करावा. फार्मासिस्टला लेखणी द्यायची की नाही, ही चर्चा त्या आकड्यांवर करू.

आपले,
दोन फार्मासिस्ट, सदाशिव पेठ, पुणे