कृषिमंत्री महोदय, भूमिपूजन नको, एक टाकी द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

कोकणात फळप्रक्रिया म्हटली की प्रत्येक भाषणात पल्प, लोणचं आणि आंबापोळी येते. हे पत्र वासाबद्दल आहे: आपल्या फळा-मसाल्यांच्या तेलांपासून जिवाणूंकरवी महाग स्वाद करून घेण्याबद्दल.

हापूस उतरवताना देठ मोडला की चीक उडतो. सालीवर पडला तर ती करपते आणि आंबा कॅनिंगच्या भावात जातो. करपवणारा तो तेलकट भाग बराचसा टर्पिनांचा, म्हणजे झाडांतल्या उडून जाणाऱ्या वासाच्या द्रव्यांचा. जायफळ-मिरीच्या तेलातही याच कुळातली मंडळी: सॅबिनीन, पायनीन, लिमोनीन. आमचं फुटकं, किडकं जायफळ बाजारात कुणी घेत नाही, पण तेलाला तेच बरं. अळी पिठूळ भाग खाते आणि तेल बरंचसं तसंच ठेवते!

नुसती टर्पिनं स्वस्तच. लिमोनीन संत्र्याच्या सालींतून जगभर ढिगाने निघतं, तिथे आपण टिकणार नाही. पैसा पुढच्या पायरीला आहे. ऱ्होडोकॉकस नावाचा जिवाणू लिमोनीनला ऑक्सिजन जोडून कार्व्हिऑल करतो, त्यातून पुढे कार्व्होन. लिमोनीनच्या प्रकाराप्रमाणे त्याला च्युइंगममधल्या स्पिअरमिंटचा किंवा शहाजिऱ्याचा वास येतो. संत्र्यातल्याच व्हॅलेन्सीन नावाच्या द्रव्यापासून ग्रेपफ्रूटच्या वासाचं नूटकॅटोन असंच मिळतं. नैसर्गिक कच्च्या मालापासून सूक्ष्मजीवांनी केलेला असा स्वाद युरोपचा कायदा 'नैसर्गिक' मानतो. तोच रेणू रासायनिक कारखान्यात घडवला, तर मानत नाही. भावातला फरक तिथे पडतो.

काम सोपं नाही. टर्पिनं जिवाणूंनाच मारतात, म्हणून ती वेगळ्या तेलाच्या थरात ठेवून थोडी थोडी पाण्यात उतरवावी लागतात. जिवाणूंना हवा द्यावी, तर त्याच हवेबरोबर माल उडून जातो. म्हणूनच कारखान्याचं भूमिपूजन आज करू नका.

आमच्या भागात एका योजनेतून तेल काढायचं भांडं आलं. तेल निघालं. व्यापाऱ्याने विचारलं, "यात सॅबिनीन किती?" कुणालाच सांगता येईना. भाव अर्थातच त्याने ठरवला.

मागणी एवढीच: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात एक छोटी किण्वन टाकी (जिवाणू वाढवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची) आणि गॅस क्रोमॅटोग्राफ (तेलात कुठला घटक किती, ते मोजणारं यंत्र) द्या, ते चालवणारा माणूस कायमस्वरूपी नेमा, आणि बागायतदाराला तेलाचा नमुना माफक शुल्कात तपासून मिळू द्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासावर संशोधन केलं आहे, त्यांनाही सोबत घ्या. कुठल्या तेलावर कुठला जिवाणू परवडतो, हे तीन हंगामांत कळेल. नाहीच परवडलं तर तेही छापा. निदान पुढचं भांडं वाटण्याआधी कुणी वाचेल.

आपला,
गुहागर तालुक्यातील एक बागायतदार