इथे करकोच्याचीही सुनावणी असते, आप्पा

मॅडिसन, विस्कॉन्सिन
एप्रिल २०२५

तीर्थरूप आप्पा,
सा. न.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, बांधाकडची ज्वारी हरणांनीच काढली, यंदा चार पोती कमी. मी काही बोलायच्या आत तुमचं नेहमीचं वाक्य आलं, "आम्हाला कोण विचारतंय!" आणि फोन आईकडे गेला. आईनं लोणच्याचा विषय काढला. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. तुम्ही ओसरीवर बसून चष्मा लावून वाचाल, आईला मोठ्यानं वाचून दाखवाल. (मधली एक ओळ गाळा. कुठली ते कळेलच.)

इथं विचारतात, आप्पा. अगदी आवर्जून विचारतात. या राज्यात ७२ काउंट्या आहेत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या. दर वर्षी एप्रिलमध्ये एकाच संध्याकाळी सगळीकडे सभा भरतात. शिकार कधी सुरू करायची, कुठल्या तळ्यात किती मासे धरायचे, असे प्रश्न मांडायचे आणि लोकांनी मत द्यायचं. पूर्वी कागदावर असायचं, आता बरंचसं ऑनलाइन होतं. हे चालवणारी जी लोकांची परिषद आहे, ती १९३४ पासूनची. तिचा शब्द अखेरचा नाही, सल्ला म्हणून वर जातो. पण जातो.

२००५ साली याच सभांमध्ये एक प्रश्न आला होता: मोकाट मांजरं पाखरं खातात, तर त्यांचं कायद्याचं संरक्षण काढावं का? म्हणजे दिसलं की गोळी घालायची मुभा. ६,८३० लोक हो म्हणाले, ५,२०१ नाही. सगळ्या देशात हसं झालं. गव्हर्नरांनी असं काही होणार नाही म्हणून सांगितलं आणि विषय संपला. आईच्या मनीला सांगा, तिकडेच बरी आहेस.

आमचे घरमालक शिकारी आहेत. सत्तरीचे, दूध डेअरीतून निवृत्त झालेले, माझ्याशी गाईंच्या गोष्टी बोलतात म्हणून जमतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथं नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा अख्खं राज्य भगवं होतं. वारी नव्हे हो, झाडीत एकमेकांना गोळी लागू नये म्हणून झगझगीत नारिंगी जॅकेट घालायचा कायदा आहे. २०१६ मध्ये गुलाबीलाही परवानगी दिली. आमदारांनी त्यावरही रीतसर मतदान घेतलं! परवाना २४ डॉलरचा. राज्याची वस्ती साठ लाखांच्या आत, आणि हरणाच्या बंदुकीचे परवाने साडेपाच लाखांच्या आसपास निघतात. म्हणजे सांगोल्याच्या बाजारात जेवढी माणसं बैल बघणारी, तेवढी इथं बंदूकवाली.

गेल्या हंगामात ते एक नर घेऊन आले. गॅरेजात उलटा टांगला होता, खाली पत्र्याची परात. पोट आधीच रानात साफ केलेलं, बरगड्यांत काठी घालून फाकवून ठेवलेलं, थंड व्हावं म्हणून. मग त्यांनी मुंडकं एका काळ्या पिशवीत घातलं, चिठ्ठी बांधली आणि रस्त्याकडेच्या पेटीत नेऊन टाकलं. इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग आहे, २००२ साली तो पहिल्यांदा मॅडिसनच्या पश्चिमेलाच सापडला. तपासणीचा निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये, प्रत्येक पुडक्यावर तारीख. निकाल चांगला आला तेव्हा त्यांच्या बायकोनं आम्हाला रस्सा दिला. मी खाल्ला. ही ती गाळायची ओळ.

त्यांचं म्हणणं एकच असतं, "पैसे आम्ही भरतो." ते खोटं नाही. इथं बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब नळीच्या बंदुकीला ११ टक्के, पिस्तुलाला १०. १९३७च्या कायद्याप्रमाणे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटला जातो, वर परवान्यांचे पैसे. पक्षी बघणारे गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतात, त्या दुर्बिणीवर असा कर नाही. त्यामुळं कायदे करताना शिकारी पहिल्या रांगेत बसतात आणि तो आपला हक्कच समजतात. समजतात कशाला, हक्कच आहे. २००३ मध्ये या राज्यानं आपल्या घटनेत लिहूनच टाकलं की मासे धरण्याचा, शिकारीचा, सापळे लावण्याचा लोकांना अधिकार आहे, वाजवी निर्बंध तेवढे चालतील. त्याच वर्षी होल्याची शिकारही सुरू झाली. गंमत म्हणजे १९७१ पासून तोच होला या राज्याचं शांततेचं अधिकृत प्रतीक आहे! प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये कोर्टानं शिकारीच्या बाजूनं निकाल दिला. प्रतीक अजून तेच आहे.

तर गेल्या महिन्यात घरमालक म्हणाले, करकोच्याच्या विधेयकावर कॅपिटॉलमध्ये सुनावणी आहे, येतेस का. मी रजा टाकली.

कॅपिटॉल म्हणजे इथलं विधान भवन. पांढऱ्या दगडाचा मोठा घुमट, आत थंडगार. पोलिसानं पिशवी तपासली नाही, पास मागितला नाही, ओळखीचा आमदार कोण ते विचारलं नाही. गव्हर्नरच्या दालनाबाहेर बिज्जूसारख्या प्राण्याचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याचं नाक लोकांनी नशिबासाठी चोळून चोळून पिवळंधमक केलंय. घरमालकांनीही चोळलं. समितीच्या खोलीबाहेर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. नाव, गाव, बाजूनं की विरोधात, बोलायचंय की नुसती नोंद करायचीय. चिठ्ठी दिली की तुमचा नंबर येतो आणि आमदार समोर बसून ऐकतात. (काही जण मोबाइल बघतात. तेवढं आपल्यासारखंच.) संघटनांचे पगारी वकिली करणारेही असतात, पण त्यांची सरकारदरबारी नोंद लागते, कुठल्या विधेयकावर किती वेळ घालवला तो हिशेब द्यावा लागतो, आणि आमदाराला ते साधी कपभर कॉफीसुद्धा पाजू शकत नाहीत. खरंच, कायदाच आहे तसा.

करकोचा म्हणजे सँडहिल क्रेन. राखी रंगाचा, कपाळ लाल, माझ्या छातीला लागेल एवढा. हिवाळ्यात उजनीकडे कांड्या करकोचे येतात ना, त्यांचा भाऊबंद. १९३०च्या सुमाराला या राज्यात त्यांच्या जेमतेम २५ जोड्या राहिल्या होत्या. आता हजारांनी आहेत. आणि मका पेरला की ते ओळीओळीनं चालत जातात, कोंब उपटतात आणि खालचा दाणा खातात. एक शेतकरी उठला, हातात मक्याचे उपटलेले कोंब प्लास्टिकच्या पिशवीत. समितीच्या टेबलावर त्यानं ते मांडले, एकेक. मुळाशी दाणा नव्हता. मला एकदम तुमची हुरड्याच्या दिवसांतली ओंजळ आठवली, हरणांनी कुरतडलेली कणसं सरपंचांपुढं धरली होती ती.

नंतर एक बाई बोलल्या. बियाण्याला एक औषध चोळलं की करकोच्याला त्याची चव नकोशी होते, तो दाणा सोडतो आणि त्याच शेतातले किडे खात राहतो. विधेयकात त्या औषधाच्या खर्चाला मदत आहे आणि शिकारही आहे. बाईंचं म्हणणं, मदत ठेवा, शिकार काढा. कारण शिकारीचा हंगाम येईल पानगळीत, आणि मका उपटला जातो वसंतात. शिवाय करकोचा दोनच अंडी घालतो, बहुधा एक पिल्लू जगतं, आणि विणायला लागायलाच त्याला काही वर्षं जावी लागतात. मागं बसलेला एक टोपीवाला हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "आभाळातला रिबआय." इथले शिकारी करकोच्याच्या मटणाला तसंच म्हणतात, बैलाच्या मांसातला सगळ्यात झकास तुकडा असतो तो. केंटकी, टेनेसी, अलाबामात हंगाम आहेच, मग आम्हाला का नाही, हा त्यांचा सरळ सवाल.

मी विधेयकाची प्रत चाळत होते. माझी नजर अडकली क्रियापदावर. खातं हंगाम "ठेवू शकेल" असं नाही, "ठेवलाच पाहिजे" असं. तिथं मला लांडगा आठवला.

लांडग्याचं आधी सांगते. इथले लांडगे १९६०पर्यंत संपले होते. सरकार मुंडक्यामागं इनाम द्यायचं, ते १९५७ पर्यंत चालू होतं. पुढं सत्तरच्या दशकात शेजारच्या मिनेसोटातून ते आपण होऊन चालत आले आणि वाढले. केंद्रानं संरक्षण दिलं, मग काढलं, मग कोर्टानं परत दिलं, असा झोका चालू आहे. २०१२ साली संरक्षण नव्हतं, तेव्हा शिकारी संघटनांनी जोर लावून राज्यात कायदा करून घेतला: लांडगा केंद्राच्या यादीत नसेल तर खात्यानं शिकार ठेवलीच पाहिजे. कुत्र्यांनिशी. लांडग्यानं एखाद्याचा शिकारी कुत्रा मारला तर राज्य अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देतं, तीसुद्धा आहे.

२०२१च्या जानेवारीत संरक्षण पुन्हा निघालं. खातं म्हणालं, घाई नको, नोव्हेंबरात बघू, लोकांना विचारू, इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातींशी बोलू. कॅन्ससमधली हंटर नेशन नावाची संघटना कोर्टात गेली. कायद्यात "ठेवलीच पाहिजे" लिहिलंय ना? फेब्रुवारी संपायच्या आत ठेवा. न्यायाधीशांनी मान्य केलं. संख्या ठरली २००. त्यातले ८१ जुन्या करारांप्रमाणे ओजिब्वे लोकांच्या वाट्याचे. ते लोक लांडग्याला मायिंगन म्हणतात, भाऊ मानतात. त्याचं जे होईल ते आपलं होईल, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी आपला वाटा मारायचा नाही, जिवंत ठेवायचा ठरवलं. उरले ११९.

२२ फेब्रुवारीला सुरू झाली. जमिनीवर बर्फ, माग स्पष्ट, कुत्री सोडलेली, परवाने दीड हजारांवर. हंगाम बंद करायचा तर नियमाप्रमाणे २४ तास आधी सांगावं लागतं. खात्यानं सांगितलं, तोवर आकडा पुढं धावत होता. तीन दिवसही पुरे झाले नाहीत. २१८ मेले. जमातींनी राखून ठेवलेले त्यातच गेले. आणि फेब्रुवारी म्हणजे त्यांचा जोडीचा काळ.

परतताना गाडीत मी घरमालकांना याबद्दल विचारलं. लांडग्याची शिकार असावी याच मताचे आहेत ते, त्यांच्या मेहुण्याची वासरं गेली आहेत. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही हरणाच्या हंगामाला परवान्यावर जेवढं लिहिलंय तेवढंच मारतो. आमचे वडील एक जास्त पडलं तर शेजाऱ्याचा टॅग मागायला लाजायचे." (टॅग म्हणजे एका हरणाच्या परवान्याची चिठ्ठी.) एवढंच. मग रेडिओ लावला.

२०२२च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयानं लांडग्याला पुन्हा संरक्षण दिलं, म्हणून आज इथं शिकार बंद आहे. पण २०१२चा तो शब्द कायद्यात तसाच बसून आहे. केंद्रानं यादीतून नाव काढलं की दुसऱ्या दिवशी तो जागा होईल.

आता आपलं. १९७९ साली माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. तेव्हा तुम्ही नववीत होता ना? गावं, शिवारं, रस्ते सगळं आत. ते आकुंचन पावून १,२२२ वर यायला तीसहून जास्त वर्षं लागली, आणि तोवर काकांचा जमिनीचा कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला. माळढोक मात्र एखादा दिसला तरी बातमी होते. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते बरंच झालं असं मला अजूनही वाटतं. नाहीतर आपल्या माळावर काळवीट उरलाच नसता. पण तुमच्या वाक्यात खोट काढता येत नाही, तेही खरं. धनगरवाड्यातले तात्या वाघरीत कोकरू कमी निघालं की लांडग्याला शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, त्याचीबी पिलं हायती. त्या तात्यांना चिठ्ठी भरायला कुणी बोलावलं असतं, तर त्यांनी बाजूनं लिहिलं असतं की विरोधात, हे मला आजही सांगता येत नाही.

इथं विचारतात, हे मी सुरुवातीला लिहिलं ते खरं आहे. ज्यांना येणं जमतं, रजा मिळते, आणि ज्यांना हंगामाची ओढ असते, ते येतात. मी दोन तास बसले तेवढ्यात ओजिब्वे म्हणून ओळख देऊन बोललेलं कुणी मला दिसलं नाही. मीही बोलले नाही. चिठ्ठीवर "नुसती नोंद" वर खूण केली आणि "माहितीसाठी" असं लिहून दिली. तुमची मुलगी शेवटी कुंपणावरच.

बराबू नावाचं गाव इथून तासाभरावर आहे, तिथं करकोच्यांची एक संस्था आहे, १९७३ पासूनची. जगातल्या पंधराही जातींचे करकोचे पाळलेत. आपल्या गोंदियाकडे थोडे उरलेले सारसही तिथं आहेत. मे महिन्यात जाऊन येईन, फोटो पाठवते. आईला सांगा, लोणचं कस्टमवाले अडवत नाहीत, पण तेल गळू देऊ नका.

आणि एक काम आहे. परवा घरमालकांना मी तुमच्या शेतातल्या मचाणाबद्दल सांगितलं, रात्री कंदील घेऊन बसता, गोफणीनं खडा मारता, हरणाला लागू नये अशा बेतानं नुसता शेजारी पाडता. त्यांचा विश्वास बसेना. अंधारात, न लागू देता? किती अंतरावरून? गोफणीची दोरी कशाची असते, अंबाडीची की घायपाताची, आणि आवाज काढायला टोकाला काय बांधता, हे सगळं त्यांना हवंय. रोज जिन्यात भेटले की विचारतात, तुझ्या वडिलांचं उत्तर आलं का. तेवढं लवकर कळवा.

तुमची,
ताई

ता. क. कडबा विकू नका इतक्यात. पाऊस लांबला तर भाव चढेल.